पोपटी भिंत

शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या फोनवर एक फोटो आला. खाली एक ओळ होती, ‘मॅडम, हे तेच घर आहे ना?’

फोटो नंदिताने पाठवला होता. ती एका वेब सीरिजची आर्ट डायरेक्टर. पडद्यावर दिसणाऱ्या भिंती, दारं, भांडीकुंडी, अगदी खिळ्याला टांगलेलं कॅलेंडरसुद्धा तिच्या अखत्यारीत येतं. फोटोत कडावच्या पुढच्या एका वाडीतलं कौलारू घर होतं. तीन आठवड्यांपूर्वी मीच ते तिला दाखवलं होतं. तेव्हा त्याची पुढची भिंत चुन्याची होती. जागोजागी पोपडे सुटलेले, खाली गुडघाभर उंचीपर्यंत शेवाळाचा काळपट पट्टा. नंदिता त्या भिंतीसमोर दहा मिनिटं नुसती उभी राहिली होती.

फोटोतली भिंत पोपटी होती. खिडकीची चौकट गुलाबी.

सोमवारी सकाळी सात वाजता त्या भिंतीसमोर शूटिंग सुरू होणार होतं. मी उत्तर लिहिलं, ‘तेच आहे. जाऊन बघते.’ आणि स्कूटर काढली.

मी एकोणीस वर्षं वर्तमानपत्रात होते. आधी डेस्कवर, मग तालुक्याच्या बातम्या. गेलं वर्षभर मी कर्जतमधल्या एका छोट्या केंद्राचं काम पाहत होते. कर्जत-खालापूर भागात शूटिंगची युनिट्स कायम येतात. डोंगर आहे, भातशेती आहे, नदी आहे आणि मुंबई जवळ आहे. पण युनिट येतं तेव्हा सुतार, रंगारी, शिंपी, आचारी सगळे बरोबर घेऊन येतं. काम संपलं की सगळे परत जातात. इथे उरतं ते शेताचं थोडं भाडं आणि प्लास्टिकचे कप. हे काम इथल्या हातांना मिळावं, म्हणून केंद्र सुरू झालं. आम्ही दोन्ही तालुक्यांतल्या कारागिरांची नावनोंदणी केली. गणपतीची मखरं करणारे, लग्नाच्या कमानी उभ्या करणारे, ब्लाउज शिवणाऱ्या, बॅनर रंगवणारे, शंभर माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या.

केंद्राचे अध्यक्ष केळकर सर, कर्जतमधले निवृत्त मुख्याध्यापक. एका ट्रस्टने आम्हाला वर्षासाठी खोली दिली होती. वर्ष संपत आलं होतं. केंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं, हे येत्या बुधवारच्या सभेत ठरणार होतं. दाखवण्यासारखं मोठं काम आमच्याकडे एकच होतं, ही वेब सीरिज. आठ दिवसांचं शूटिंग आणि आमच्या यादीतली एकतीस माणसं कामाला. युनिटने त्यासाठी मुंबईची माणसं कमी केली होती. त्यामुळे सोमवार चुकला असता तर बुधवारी बोलायला काही उरलं नसतं.

वाडीत पोचले तेव्हा सगुणाबाई ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. घर त्यांचं. वय साठीच्या आसपास. घरात त्या आणि त्यांची सून, दोघीच. मुलगा प्रकाश मालवाहू जहाजावर नोकरीला. नऊ-नऊ महिने घरी येत नाही.

“या ताई, बसा. चा टाकते.”

“सगुणाबाई, रंग कधी दिला?”

“बुधवारी. दिवाळी आली ना. कसा दिसतो?”

“छान दिसतो. पण शूटिंगवाल्यांना जुनी भिंत हवी होती.”

“जुनं बघायला माणसं मुंबईवरनं येतात होय?”

मी हसले. मनातल्या मनात बातमी लिहूनही झाली होती, पाहुणे येणार म्हणून घर रंगवलं. असं होतं. कॅमेरा येणार म्हटलं की लोक अंगण सारवतात, नवी साडी नेसतात. मी त्यांना अडचण समजावून सांगितली. या घराचे आतले प्रसंग आधीच दुसरीकडे, सेटवर चित्रित झाले होते. त्यात उघड्या खिडकीतून बाहेरच्या भिंतीचा तुकडा दिसतो, दारातून आत येणारा माणूस दिसतो. आत जुनी भिंत आणि बाहेर पोपटी, असं चालत नाही. एका दृश्यातली गोष्ट पुढच्या दृश्यात तशीच दिसली पाहिजे. याला कंटिन्युइटी म्हणतात. ती सांभाळण्यासाठी एक माणूस वही घेऊन बसलेला असतो.

“मग आता?” सगुणाबाईंनी विचारलं.

“रंग खरवडून भिंत पुन्हा जुनी करू. आमची माणसं करतील. तुम्हाला त्रास नाही.”

त्या काही बोलल्या नाहीत. चहा आणायला आत गेल्या. मी तो होकार समजले. वार्ताहर असताना कोणाच्या गप्प बसण्याला होकार म्हणून मी कधी छापलं नव्हतं.

तासाभरात मोहन आला. हा साजगावचा. तिथल्या एका कारखान्यात मालाच्या लाकडी पेट्या बनवायचा. कारखान्याने ते काम बाहेर दिलं तेव्हापासून मखरं आणि लग्नाच्या कमानी करतो. आमच्या यादीत पहिलं नाव त्याचंच होतं. त्याने नखाने भिंत खरवडून पाहिली.

“डिस्टेंपर हाय मॅडम. एकच हात मारलाय. लय घाईत दिलाय कोणीतरी. अर्ध्या दिवसात निघंल. मग एजिंग.”

एजिंग म्हणजे नव्या वस्तूला म्हातारपण आणणं. चहाचं पाणी, काजळी, राख, पिवडी, फाटक्या गोणपाटाचा बोळा. सेटवर हे काम करणारी माणसं वेगळी असतात. मोहनचा भाऊ बॅनर रंगवायचा आणि हे काम शिकलेला होता. मोहन म्हणाला, रविवारी दुपारपर्यंत होईल.

मी राघवला फोन लावला. राघव सीरिजचा कार्यकारी निर्माता. वेळ, माणसं आणि परवानग्या जुळवणं हे त्याचं काम.

“मॅडम, तुमच्या भरवशावर मी मुंबईची टीम कॅन्सल केली,” तो म्हणाला. “मला गोष्ट नको, हो की नाही ते सांगा. वाईला एक घर होल्डवर ठेवलंय.”

“होईल,” मी म्हणाले.

मोहनने ‘घाईत’ म्हटलं होतं. दिवाळीला अजून दोन आठवडे होते. ते तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

शनिवारी सकाळी आठ वाजता मोहन दोन माणसं आणि रंग खरवडायच्या तीन पत्र्या घेऊन हजर झाला. सगुणाबाई भिंतीला पाठ लावून पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात विळी. शेजारी टोपलीभर भेंडी.

“मावशी, जरा सरका,” मोहन म्हणाला.

“भिंतीला हात लावायचा नाय.”

“अवो, आपलं काल ठरलंय ना.”

“तुझं ठरलं आसंल. माझं नाय.”

मोहनने माझ्याकडे पाहिलं. मी सगुणाबाईंसमोर खाली बसले आणि विचारलं, “काय झालं?”

त्यांनी चार भेंड्या चिरल्या. मग सांगायला लागल्या.

“मंगळवारी तुमची शूटिंगवाली दोन माणसं आलती. फोटू काढायला. मी परसात म्हशीपाशी, सून आत निजलेली. पुढं येऊन बघते तर दाराला कुलूप.”

“आत सून असताना?”

“हां. भलं मोठं गंजकं कुलूप. वर कापसाची कोळिष्टकं चिकटवलेली. मी इचारलं, काय रं हे? तर म्हणतो, मावशी, ष्टोरीत हे घर बारा वर्ष बंद हाय. घरातली सगळी मेल्यात. मग एक जण परत येतो नि कुलूप खोलतो.”

विळी थांबली.

“माझा पोरगा पाण्यावर हाय, ताई. सूनला सातवा लागलाय. हे चालतं घर हाय. रोज दिवा लागतो. आन त्याच्या दाराला कुलूप लावून दाखवायचं, सगळी मेली म्हणून?”

“मला सांगायचं होतं तुम्ही.”

“तुमी कुठं इचारलंत? तुमी टेपनं मापलंत.”

ते खरं होतं. शूटिंगआधी जागा पाहायला जातात, त्याला रेकी म्हणतात. रेकीच्या दिवशी मी दाराची उंची, खिडकीचं अंतर, ओटीची रुंदी, वाशांची संख्या, ऊन कुठून येतं, टेम्पो कुठे वळतो, हे सगळं वहीत उतरवलं होतं. फोटो काढले होते. काय, कुठे, कधी, किती वाजता. त्या घराचं पडद्यावर काय होणार आहे, हे मलाही माहीत होतं. ते घराच्या मालकिणीला सांगावं, असं मला सुचलंच नव्हतं.

“म्हणून रंग दिलात?”

“पोपटी घराला बंद घर कोण म्हणतंय?” त्या म्हणाल्या. “कागदावर माझी सही हाय. ती मी मोडली नाय. घर दिलंय म्हणजे दिलंय. पण रंग देऊ नये असं तुमच्या कागदात कुठं लिवलंय? वाचून दावा.”

करारनामा मीच लिहिला होता. त्यात तसं कुठेही नव्हतं.

“मॅडम,” मोहन हळूच म्हणाला, “म्हातारी वकील हाय.”

“म्हातारी कोणाला म्हणतोस रं? तुझी आई माझ्यापरीस दोन वर्षांनी मोठी हाय.”

मोहनने पत्र्या खाली ठेवल्या.

पुढच्या अर्ध्या तासात तीन फोन झाले. पहिला राघवला. सगळं सांगितलं. तो शांत होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“अ‍ॅग्रीमेंट आहे ना? मग सरपंचांना बोलवा. ते उठवतील त्यांना. दोन तासांचं काम आहे.”

दुसरा केळकर सरांना. सर म्हणाले, “बुधवार लक्षात आहे ना? त्या बाईंची समजूत काढा. शूटिंग झालं की घरात सत्यनारायण घालून देऊ म्हणावं.”

तिसरा फोन आला. कोंडाण्याच्या बचत गटाच्या बाईंचा. युनिटचं जेवण त्या करणार होत्या. “ताई, तांदूळ भरले, भाजीवाल्याला सांगून ठेवलंय. सोमवार पक्का ना?” मी म्हणाले, “तासाभराने सांगते.” त्या म्हणाल्या, “म्हंजे?” मी फोन ठेवला.

सरपंचांना बोलावलं असतं तर ते आले असते. सगुणाबाई उठल्याही असत्या. वाडीत राहायचं तर उठावं लागतं. भिंत खरवडली गेली असती, कुलूप लागलं असतं, शूटिंग झालं असतं. आणि त्यानंतर कडावपासून कोंडाण्यापर्यंत कुठल्याच वाडीत मला कोणी घर दाखवलं नसतं. हा हिशेब मी नंतर केला. त्या वेळी मला फक्त इतकंच कळत होतं की त्या दारामागे एक सात महिन्यांची गरोदर मुलगी उभी आहे आणि ती आमचं सगळं बोलणं ऐकते आहे.

मोहन ओट्याच्या कडेला बसून विडी ओढत होता. त्याने विचारलं, “मॅडम, ह्यांना घर पाहिजे का भिंत?”

“म्हणजे?”

“आतलं शूटिंग झालंय म्हणता. मग आत कोण जातंय? दाराच्या आत दोन पावलं. बाकी सगळं बाहेरून. मंग घर कशाला? भिंत उभी करू. कमान करतो तशी. ही रुंद हाय, एवढाच फरक.”

सेटवर याला फ्लॅट म्हणतात. लाकडाची चौकट, तिच्यावर प्लाय, मागून टेकू. समोरून घर, मागून काहीच नाही. मुंबईची युनिट्स फ्लॅट सर्रास करतात. आमच्या केंद्राने कधी केला नव्हता.

जागेचा प्रश्न होता. फ्रेममध्ये मागचा डोंगर आणि बाजूचं भात यायलाच हवं होतं. सगुणाबाईंच्या घराशेजारीच त्यांचं खळं होतं, झोडणीसाठी सपाट केलेली जमीन. तोंड त्याच दिशेला. डोंगर तोच. भात आठवड्याभरात कापायला येणार होतं, तोवर खळं रिकामं.

मी सगुणाबाईंना विचारलं. या वेळी सगळं विचारलं. खळ्यात खोटी भिंत उभी राहील, तिला दार असेल, त्या दाराला कुलूप लागेल, गोष्टीत त्या भिंतीमागची माणसं मेलेली असतील.

“भिंतीमागं काय आसंल?”

“काही नाही. टेकू.”

त्यांनी थोडा विचार केला. “मंग लावा काय लावायचं ते.”

राघवला पुन्हा फोन केला. तो म्हणाला, “आमच्या टीमला असा फ्लॅट करायला चार दिवस लागतात.”

“आमच्याकडे दीड आहे.”

“ठीक आहे. उद्या चार वाजता नंदिता येऊन बघेल. ती नाही म्हणाली तर ट्रक वाईला जातील. नंतर मला फोन करू नका.”

तेव्हा शनिवारचे साडेदहा वाजले होते.

मी वहीची पानं फाडून मोहनला दिली. दार सहा फूट एक इंच. उंबऱ्यापासून खिडकी चार फूट दोन इंच. त्याने ती पानं एका फळीला खिळ्याने ठोकली आणि सूत धरलं. दुपारी बारापर्यंत साजगावहून लाकूड आलं. कमानींचंच लाकूड होतं, एका लग्नाचं, परवाच उतरवलेलं. काही पट्ट्यांना अजून झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या.

जुनी कौलं शोधावी लागली नाहीत. ज्यांनी ज्यांनी छपरावर पत्रे घातले, त्यांनी कौलं परसात रचून ठेवली होती. फेकवत नाहीत आणि उपयोगही नाही. वाडीतल्या बाया टोपल्यांतून घेऊन आल्या. भिंतीला प्लायवर गोणपाट, त्यावर प्लास्टर, त्यावर माती आणि भाताचा तूस. मोहनचा भाऊ आमच्या रेकीचा फोटो समोर धरून पोपड्यांच्या आकाराचे डाग काढत होता.

अडलं ते दार. घराच्या जुन्या दाराला लोखंडी कड्या आणि वरच्या फळीवर कोरलेलं कमळ होतं. आतल्या दृश्यात त्या कमळाची नक्कल स्पष्ट दिसत होती आणि तो सेट आता मोडला होता. दीड दिवसात ते कोरून होणार नव्हतं. आणि सगुणाबाईंचं दार काढून घ्या, असं मी त्यांना म्हणणार नव्हते.

संध्याकाळी पाच वाजता त्या स्वतःच खळ्यात आल्या. “दाराचं काय करताय?”

“बघतोय.”

“जोडीचं दार हाय. एकाच सुतारानं केलेलं, एकाच लाकडातलं. घर वाटलं तवा दिराकडं गेलं. त्यानं सिलॅबचं घर बांधलं, दार गोठ्यात पडलंय.”

“मग मी जाऊन मागते.”

“तुमाला नाय देणार तो. आमी पाच वर्ष बोलत नाय.” त्यांनी पदर खोचला. “मीच जाते.”

खळ्यातून दिराचं अंगण दिसत होतं. सगुणाबाई अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या. आत गेल्या नाहीत. दीर बाहेर आला. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने दीर आणि त्याचा मुलगा दार खांद्यावर घेऊन आले. दाराला शेण लागलेलं होतं, कमळाची एक पाकळी उडालेली. दार खाली ठेवून दीर मोहनला म्हणाला, “वापरून झालं की परत आण. गोठ्याचा आडोसा गेलाय माझा.”

रविवारी सकाळी ढग आले. प्लास्टर ओलं होतं. वरून प्लास्टिक घातलं तर वाळणार नाही, नाही घातलं तर पावसात वाहून जाईल. अकरा वाजता मोहनने भिंतीवर हात ठेवला आणि ‘नाही’ अशी मान हलवली. चार वाजायला पाच तास. राघवचा मेसेज आला, ‘स्टेटस?’ मी लिहिलं, ‘वाळतंय.’ माझ्या एकोणीस वर्षांत पुष्टी न करता पाठवलेला हा बहुधा पहिला मजकूर असावा.

सगुणाबाईंच्या सुनेने युक्ती सांगितली. बोलणं कमी होतं तिचं. म्हणाली, “बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात ना, तशी ठेवा.” वाडीतल्या घराघरांतून शेगड्या आल्या. भिंतीच्या मागच्या बाजूला, टेकूंच्या मध्ये, तुसाची धग करून अकरा शेगड्या मांडल्या. पुढून फॅन लावले. दोन माणसं पाण्याच्या बादल्या घेऊन बाजूला उभी केली, कारण प्लाय पेटला असता तर सगळंच संपलं असतं. मी त्या शेगड्यांवरून नजर हलवली नाही. पाऊस डोंगराच्या पलीकडे पडून गेला. इकडे दहा-बारा थेंब आले.

डावीकडचा कोपरा धुराने काळा पडला. मोहनचा भाऊ डोक्याला हात लावून बसला. पुसायला वेळ नव्हता.

चारला पाच मिनिटं असताना नंदिताची गाडी आली.

ती पोपटी घरावरून सरळ पुढे आली आणि खळ्यासमोर थांबली. टॅबवर रेकीचा फोटो उघडला. एकदा फोटो, एकदा भिंत. जवळ जाऊन पोपड्यावर बोट फिरवलं. काळ्या कोपऱ्यापाशी बराच वेळ थांबली. सगळी वाडी बांधावर उभी होती.

“हा कोपरा फोटोत नाही,” ती म्हणाली.

“धूर लागला,” मी म्हणाले.

“राहू दे. चांगला आहे.” मग तिने दार उघडलं, एक पाऊल आत टाकलं आणि थांबली. “उंबरा कुठे आहे?”

मोहन माझ्याकडे बघायला लागला. उंबरा नव्हता. तो आयुष्यभर लग्नाच्या कमानी करत आला होता. कमानीला उंबरा नसतो. नवरा-नवरी, वरात, वाजंत्री सगळी सरळ चालत आत जातात. माझ्या वहीत ‘उंबऱ्यापासून खिडकी चार फूट दोन इंच’ असं लिहिलेलं होतं आणि त्याने ते अंतर बरोबर मोजलंही होतं. दाराच्या चौकटीपासून.

“हीरो उंबऱ्याला अडखळतो,” नंदिता म्हणाली. “तोच सीन आहे.”

“एक तास द्या,” मोहन म्हणाला.

“पाऊण.”

दिराच्या गोठ्यातून दारामागोमाग उंबराही आला. तो मागायला कोणाला जावं लागलं नाही. पावणेपाचला नंदिताने राघवला फोन लावला आणि म्हणाली, “वाई सोड.”

मी कोंडाण्याच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “तुमी काल तासाभरात सांगणार होता.”

सोमवारी सात वाजता शूटिंग सुरू झालं. नऊ वाजता कॅमेरामनने हात वर केला. ऊन वर आल्यावर सगुणाबाईंच्या घराचा पोपटी रंग बाजूच्या फ्लॅटवर पडत होता. चुन्याची भिंत हिरवट दिसायला लागली. तो असिस्टंटला म्हणाला, “त्या घरावर काळं कापड टाक.”

सगुणाबाई ओटीवरच बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या उठल्या. मी मधे गेले आणि कॅमेरामनला सांगितलं, त्या घरावर काळं कापड पडणार नाही.

“का?”

“चालतं घर आहे.”

त्याला काय कळलं माहीत नाही. तो वैतागला. मग कॅमेरा दोन फूट डावीकडे सरकवला आणि मधे पांढरं कापड धरायला लावलं. पांढरं चालेल का, हे मी सगुणाबाईंना विचारूनच मग हो म्हणाले. त्या म्हणाल्या, “पांढरं धरा, पण घरावर नको. मधे धरा.”

खोट्या दाराला कुलूप लागलं. नटाने ते सात वेळा उघडलं. उंबऱ्याला सात वेळा अडखळला. सगुणाबाईंच्या खऱ्या दारात, सगळे पाहत असताना, सून सूप घेऊन बसली होती. दार सताड उघडं होतं.

बुधवारच्या सभेत मी दहा मिनिटं बोलले. ट्रस्टने खोली आणखी एका वर्षासाठी दिली. केळकर सरांनी इतिवृत्तात ‘किरकोळ अडचणींवर मात करून’ असं लिहिलं. मी ते दुरुस्त केलं नाही. मोहनला नंदिताने पुढच्या सीरिजच्या सेटसाठी बोलावलं. त्याने जाताना विचारलं, “मुंबईला यायचं का?” ती म्हणाली, “नाही, इथेच बनवून पाठव.” आमच्या केंद्राची जी काही कल्पना होती, ती एवढीच होती.

यातून मी जे शिकले ते आमच्या फॉर्ममध्ये आहे. पूर्वी त्यात तेवीस रकाने होते. आता चोवीस आहेत. चोविसावा असा : ‘या जागेत काय दाखवणार?’ तो मालकाला वाचून दाखवायचा आणि मालकाचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहायचं. एकोणीस वर्षं जे काम केलं त्यात ‘तुमचं म्हणणं काय?’ हा प्रश्न पहिला असतो. धंदा बदलला आणि मी तो विसरले.

फ्लॅट शूटिंग संपल्यावर काढायचा होता. तो राहिला. भात झोडून झालं आणि सगुणाबाईंनी टेकूंच्या मध्ये पेंढा रचला. पावसाचं लागू नये म्हणून दिराने मागून पत्रा ठोकून दिला. दार अजून गोठ्यात परत गेलेलं नाही. गेल्या महिन्यात एका जाहिरातवाल्यांनी ती भिंत मागितली. मी नवा फॉर्म घेऊन वाडीत गेले. सगुणाबाई नातीला मांडीवर घेऊन पोपटी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी चोविसावा रकाना वाचून दाखवला. जाहिरातीत ते घर पडीक दिसणार होतं. दाराला कुलूप, आत भूत.

“भूत?”

“हो.”

त्यांनी खळ्याकडे पाहिलं. “चालंल. तिथं पेंढाच राहतोय.” मग सही करता करता म्हणाल्या, “पण सांजच्या आत कुलूप काढा म्हणावं. म्हशीला घालायचं असतं.”

मी ते तसंच लिहून घेतलं.